न चढलेला कडा आणि पडलेला गड

देवगिरी ऊर्फ दौलताबादच्या किल्ल्याविषयी एक विधान इतक्यांदा केले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. हा किल्ला लढून कुणालाही घेता आला नाही, तो जेव्हा जेव्हा गेला तेव्हा दगाफटक्यानेच गेला, असे ते विधान. त्याचा पहिला भाग बराचसा खरा आहे. किल्ल्याच्या गाभ्याभोवती जो ताशीव कडा आहे, त्याला शिड्या लावून एखादे सैन्य वर गेले असे मोठ्या वेढ्यांच्या वृत्तांतांत कुठे आढळत नाही. पण याच किल्ल्याच्या धन्यांची यादी शेजारी मांडली की विचार करावा लागतो. यादव, खलजी, तुघलक, बहामनी, निजामशाही, मोगल, मध्येच थोडे दिवस फ्रेंच, थोडी वर्षे पेशवे आणि अखेर हैदराबादचे निजाम. ज्याच्या किल्ल्या इतक्या कमरांना लटकल्या, तो किल्ला अजिंक्य कसा म्हणायचा? आणि अजिंक्य नव्हता म्हणावे, तर दगडात केलेले ते अचाट काम वाया गेले असे समजायचे का? माझ्या मते दोन्ही टोके चुकीची आहेत. हा कडा एकाच कामासाठी घडवला होता: आत अडकलेल्याला वेळ मिळवून देणे. ते काम त्याने चोख केले. त्या वेळाचे पुढे काय होणार, हे मात्र दर वेळी कड्याच्या बाहेर, कधी कधी शेकडो कोसांवर ठरले. आणि किल्ल्याभोवती जसजसे नवे तट वाढत गेले, तसतसा तो वेळ महाग होत गेला.

छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येला पंधराएक किलोमीटरवर, वेरूळच्या वाटेवर, हा डोंगर रांगेपासून सुटून एकटाच उभा आहे. भोवतालच्या जमिनीपासून त्याची उंची सुमारे दोनशे मीटर. राजगड-तोरणा पायाखाली घातलेल्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल, आणि ती आहेच. सह्याद्रीतल्या गडाचे निम्मे काम चढणच करते. वाट अरुंद, जंगल दाट, घोडा निरुपयोगी आणि चार महिने पाऊस. देवगिरीला यातले काहीच नाही. पायथ्याशी सपाट माळ आहे, तिथपर्यंत घोडदळ दौडत येऊ शकते, हत्ती येऊ शकतात, पुढे तोफांचे गाडेही येऊ शकले. मग बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम पाचव्याने राजधानीसाठी हीच जागा का निवडली असेल? कारण राजधानीला निर्जन कडा चालत नाही. तिला बाजार लागतो, वाटा लागतात, धान्य पिकवणारा मुलूख लागतो. उत्तरेकडून दख्खनच्या पठारावर येणाऱ्या वाटा आणि पैठणसारखी जुनी पेठ या टापूत हाताशी होती. थोडक्यात, जागा राज्य करायला उत्तम आणि लपायला बेताची. निसर्गाने जे दिले नाही ते छिन्नीने मिळवायचे, हा निर्णय या निवडीतच दडलेला होता.

छिन्नीने काय मिळवले, हे आधी नीट पाहिले पाहिजे. डोंगराचा खालचा उतार चौफेर कापून उभा केला आहे. जिथे माणूस चार पायांवर का होईना चढून जाऊ शकला असता, तिथे पन्नासएक मीटरचा सरळ कडा आहे. त्याच्या तळाशी अखंड खडकात खोदलेला खंदक आहे. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी या खंदकाची रुंदी चाळीस गज आणि खोली तीस गज देतो. दरबारी लेखणीतली भर वजा केली तरी उरते ते छाती दडपून टाकणारेच आहे. बाहेरून खंदक ओलांडला तरी समोर शिडीचे टोक टेकवायलाही जागा सापडत नाही. खंदकातून आणि कड्यातून निघालेला दगड तटांच्या बांधकामात गेला असणार, कारण एवढा दगड फेकून द्यायला कुठलाच बांधकामवाला तयार होत नाही. काळ्या बसाल्टमध्ये हे धाडस करणे या परिसराला नवे नव्हते. दहा-बारा किलोमीटरवर वेरूळला कारागिरांनी आख्खे कैलास लेणे डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले, ते यादवांच्या कितीतरी शतके आधी. खडक कुठे फुटतो, कुठल्या थरात पाणी झिरपते, कुठे हात घालायचा नाही, याची जाण इथल्या पाथरवटांकडे पिढ्यान् पिढ्या होती. वेरूळला जी विद्या देवासाठी वापरली, तीच इथे राजासाठी वापरली गेली. कड्याचा कुठला भाग कुणाच्या काळात तासला गेला यावर अभ्यासकांत वाद आहे, पण चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाभा असा तुटक उभा होता, याला चांगला साक्षीदार आहे. मुहम्मद तुघलकाच्या काळात इथे येऊन गेलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लिहितो की बालेकिल्ल्यावर चामड्याच्या शिडीने चढावे लागते आणि रात्री ती शिडी वर ओढून घेतात. इथल्या तळघरांत कैद्यांच्या सोबतीला मांजरांहून मोठे उंदीर असल्याचेही तो सांगतो. या तुरुंगाकडे पुढे परत यावे लागेल.

आज खंदक ओलांडायला पूल आहे, आणि तो ओलांडला की सहलीतले सगळे ज्याची वाट पाहत असतात ती अंधेरी सुरू होते. खडकाच्या पोटातून वर जाणारा हा काळोखा, वळणावळणाचा जिना. मध्येच फाटे फुटतात, पायऱ्यांची उंची अचानक बदलते, एखादी वाट थेट खंदकाच्या तोंडावर निघते. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण होते. त्यावर निखारे पेटवले की खाली कुणाला उभे राहणे शक्य नव्हते. कल्पना भयंकर आहे आणि कसबाची आहे. पण वाटाडे अंधेरीला किल्ल्याचा प्राण ठरवतात, ते मला पटत नाही. अंधेरी हे शेवटचे दार आहे. शत्रू तिथे पोचायचा म्हणजे त्याने तीन तट घेतलेले असणार, शहर लुटलेले असणार, कोठारे ताब्यात घेतलेली असणार. मग त्याला त्या काळोखात माणसे मारून घ्यायची गरज काय? पुलापाशी पहारा बसवायचा आणि वरच्या लोकांचे धान्य संपायची वाट पाहायची. मोठ्या वेढ्यांत घडले ते असेच, आणि म्हणूनच अंधेरीच्या लढाईची गोष्ट इतिहासात नाही.

आता वेढ्यांकडे वळू. १२९६ साली कडा (कारा) प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खलजी दिल्लीच्या सुलतानाला, म्हणजे आपल्याच चुलत्याला आणि सासऱ्याला, न विचारता विंध्य ओलांडून एलिचपूरमार्गे देवगिरीवर आला. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजा रामदेवरायाने हाताशी होते तेवढ्या लोकांनिशी सामना दिला, तो मोडल्यावर तो बालेकिल्ल्यात शिरला आणि खाली शहर लुटले गेले. इथे किल्ल्याने आपले काम केले की नाही? केले. राजा जिवंत राहिला, बोलणी सुरू झाली, आणि शंकरदेव फौज घेऊन परत येईपर्यंत दिवस निभावले. दुर्गशास्त्राने किल्ल्याकडून याहून वेगळे काही मागितलेले नाही. हरली ती कुमक. शंकरदेवाने मैदानात गाठ घातली, पारडे वर-खाली झाले, आणि खलजीची मागची तुकडी येताना दिसली तेव्हा ती दिल्लीची मोठी फौजच आहे अशा समजुतीने यादवांची फळी फुटली. मैदानातली ही हार झाल्यावर वरचा कडा पन्नास मीटरचा असो की पाचशे, रामदेवरायापुढे तह करण्याखेरीज वाट उरली नव्हती.

इथे हमखास मिठाची गोष्ट काढली जाते. घाईघाईने गडावर नेलेल्या गोण्यांत धान्य समजून मीठ भरले होते आणि त्यामुळे किल्ला पडला, ही ती गोष्ट. ती फेरिश्ता सांगतो, आणि फेरिश्ता लिहितो घटनेनंतर तीनशे वर्षांनी. गोष्ट खरी धरली तरी ती माझ्या म्हणण्याला बळच देते. ज्या राजधानीच्या बालेकिल्ल्यात कायमचे भरलेले अंबारखाने असायला हवेत, तिथे शत्रू वेशीशी आल्यावर व्यापाऱ्यांच्या गोण्या वर ढकलाव्या लागल्या, याचा अर्थ किल्ल्याची तयारी तटाच्या दगडापुरती होती. मिठाच्या गोणीला आपण दैवाचा खेळ म्हणतो. खरे तर तो कारभारातला ढिसाळपणा होता, आणि त्या दरबारात हेमाद्रीसारखा शिस्तीचा कारभारी होऊन गेलेला असताना तो जास्तच खटकतो.

पुढची पंचवीस वर्षे धामधुमीची. मलिक काफूरच्या स्वाऱ्या झाल्या, शंकरदेव मारला गेला, रामदेवरायाचा जावई हरपालदेव उठला तेव्हा १३१८ मध्ये सुलतान कुतुबुद्दीन मुबारक स्वतः आला आणि यादवांचे राज्य संपले. त्याच सुमाराची जामी मशीद आजही उभी आहे. तिचे खांब जुन्या देवळांचे आहेत, आणि विसाव्या शतकात तिथे भारतमातेची मूर्ती बसली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे आणली आणि गावाला दौलताबाद हे नाव दिले. या निर्णयाची चेष्टा करायची आपल्याकडे रीत आहे. दिल्लीच्या रहिवाशांचे हाल झाले हे खरे, पण दख्खन ताब्यात ठेवायची तर सत्तेचे ठाणे दख्खनच्या दारात हवे, या हिशेबात वेडेपणा नव्हता. साडेतीनशे वर्षांनी औरंगजेबाने शेजारच्या शहरात तळ ठोकला तो याच हिशेबाने.

तुघलकाच्याच वेळी असा प्रसंग घडला की ज्यात किल्ला जिंकला. दख्खनमधल्या ‘सदा अमीर’ म्हणवणाऱ्या सरदारांनी बंड करून दौलताबाद घेतले आणि इस्माईल मुख याला सुलतान केले. मुहम्मद तुघलक चिडून स्वतः चालून आला, मैदानात त्याने बंडखोरांना झोडपले, आणि इस्माईल मुख बालेकिल्ल्यात कोंडला गेला. १२९६ चीच मांडणी, फक्त समोरचा शत्रू कितीतरी जबरदस्त. तरीही या खेपेला किल्ला टिकला, कारण वेढा चालू असतानाच गुजरातेत तगीचे बंड पेटले आणि सुलतानाला स्वतः तिकडे धाव घ्यावी लागली. मागे ठेवलेल्या फौजेचा बंडखोरांनी निकाल लावला, आणि १३४७ मध्ये दौलताबादलाच हसन, म्हणजे अलाउद्दीन बहमनशाह, गादीवर बसला. दीडशेहून अधिक वर्षे टिकलेली बहामनी सत्ता या मिळालेल्या मुदतीतून जन्मली. १२९६ चा कडा आणि १३४७ चा कडा यांत फरक असला तर थोडाफार असेल. निकाल मात्र उलटा लागला, आणि तो लागण्याचे कारण गुजरातेत होते.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने ज्याला उमगली तो अहमद निजामशाह. बहामनी सत्ता मोडत असताना दौलताबाद मलिक वजीह आणि मलिक अशरफ या दोघा भावांकडे होते. अशरफने वजीहला मारले, आणि वजीह हा अहमदचा मेव्हणा. अहमदने किल्ल्यावर सैन्य चढवण्याचा हट्ट धरला नाही. आपले ठाणे जुन्नर दूर पडते म्हणून त्याने मधल्या टप्प्यावर, भिंगारजवळ, नवे शहर वसवले, आणि तिथून दर वर्षी दौलताबादच्या भोवतालची पिके जाळायला, लुटायला फौजा पाठवत राहिला. फेरिश्ता हे सविस्तर सांगतो. कडा तसाच होता, अंधेरी असेल तर तशीच होती, पण सुगी हाती लागत नव्हती. अखेर १४९९ मध्ये अशरफ आजारी पडून मेला तेव्हा शिबंदीने किल्ल्या अहमदच्या हाती दिल्या. अहमदनगर शहराच्या जन्माचे एक कारण दौलताबादची शेते आहेत, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे होते.

या शतकांत किल्ला पसरत गेला. गाभ्याला लगटून काळाकोट, त्याबाहेर महाकोट, आणि सगळ्यांत बाहेर, आख्खे शहर पोटात घेणारा अंबरकोट. महाकोटाची प्रवेशव्यवस्था आजही शिकवून जाते. एका दारातून दुसरे दार दिसत नाही. आत शिरलेल्याला काटकोनात वळावे लागते, वळला की त्याच्या अंगावर दोन्हीकडच्या बुरुजांवरून मारा. दारांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला अणकुचीदार खिळे, शिवाय धडक द्यायला हत्तीला धाव घ्यावी लागते आणि धावेपुरती जागाच ठेवलेली नाही. तोफांचा जमाना आला तेव्हा तट दुहेरी झाले, बुरूज जाड झाले, जंग्या बदलल्या. पुढे मोगलांनी वर चढवलेली, मेंढ्याच्या तोंडाची मेंढा तोफ पाहायला तर माणसे धापा टाकत जातात. पण मला या विस्तारात सगळ्यांत बोलकी वाटते ती पाण्याची सोय. उत्तरेच्या डोंगरातल्या तलावांचे पाणी मातीच्या नळांनी शहरात खेळवले होते, आणि महाकोटात हत्ती हौद नावाचा जो तलाव आहे तो सुमारे ४७ मीटर लांब-रुंद आणि साडेसहा मीटर खोल आहे. एवढा हौद बांधावा लागतो तो हजारो तोंडांसाठी. म्हणजे कोट वाढले तशी आतली माणसे वाढली, जनावरे वाढली, आणि वेढ्यात रोज लागणारे धान्य, वैरण, पाणीही वाढले. शिवाय लांबच लांब तटावर प्रत्येक बुरुजाला पहारा हवा. यादवांच्या छोट्या बालेकिल्ल्याला मूठभर शिबंदी पुरली असती. अंबरकोट राखायला फौज लागते, आणि ती फौज आत कोंडली गेली की तीच आतले धान्य संपवते.

१६३३ च्या वेढ्यात हे सगळे हिशेब एकदम चुकते झाले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर जाऊन सात वर्षे झाली होती. त्याचा मुलगा फतेखान एक सुलतान मारून दुसऱ्या, अल्पवयीन हुसेनशाहाच्या नावाने कारभार करत होता, आणि मोगल व विजापूर या दोघांशी आलटून पालटून संधान बांधत होता. १६३० ते ३२ या काळातल्या भयंकर दुष्काळाने दख्खन नुकताच होरपळून निघाला होता. अशा वेळी मोगल सेनापती महाबतखान दौलताबादेपुढे बसला. विजापूरची फौज मदतीला आली. रणदुल्लाखान, मुरार जगदेव आणि त्या वेळी आदिलशाहीकडे असलेले शहाजीराजे यांनी रसद आत पोचवायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. महाबतखानाच्या मुलाने, खानजमानने, त्या रसदा वाटेतच अडवल्या. लक्षात घ्या, तटापासून लांब, उघड्या माळावर बैलांच्या पाठीवरल्या गोण्यांसाठी जी झटापट झाली तीच या वेढ्याची खरी लढाई. तटावर मात्र सुरुंग चालले. अंबरकोट सुरुंगाने फुटला, मग महाकोट फुटला. सगळ्यांत नवे, सगळ्यांत खर्चाचे तट आधी गेले, आणि आतली भुकेली गर्दी आतल्या कोटात ढकलली गेली. जूनमध्ये फतेखानाने पैसे आणि अभय पदरात घेऊन किल्ला स्वाधीन केला. बालनिजामशाह ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला. कडा, खंदक, अंधेरी यांपैकी कशालाही हात लागला नाही.

यावर उत्तर ठरलेले असते: पाहा, शेवटी फितुरीच झाली. फतेखान विकला गेला नसता तर? हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण फतेखानाची बाजू घ्यावी असे त्याच्या वागण्यात काही नाही. पण फितुरी ही किल्ल्याच्या कथेत अचानक टपकलेली आपत्ती नसते. बळाने चढता न येणारा किल्ला शत्रूला दुसऱ्या वाटेकडे वळवतो, आणि ती वाट किल्लेदाराच्या थैलीतून किंवा त्याच्या भीतीतून जाते. अभेद्य कड्यामुळेच किल्लेदाराची किंमत वाढते. अठराव्या शतकात फ्रेंच सेनापती बुसीने दौलताबाद मिळवले ते किल्लेदाराशी संधान बांधूनच. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये पेशव्यांना ते मिळाले ते तहाच्या कलमात, आणि थोड्याच वर्षांत परत निजामाकडे गेले. शिवाय फितूर होण्याची वेळ पाहावी. कोठारे भरलेली असताना आणि कुमक वाटेवर असताना किल्लेदार क्वचितच फितूर होतात. अशरफ मेल्यावर शिबंदीने किल्ल्या दिल्या त्या वर्षानुवर्षांच्या उपासमारीनंतर, फतेखानाने दिल्या त्या दोन कोट फुटल्यावर आणि रसद तुटल्यावर. फितुरी हे कारण म्हणून सांगितले की आपल्याला एक खलनायक मिळतो, आणि धान्य, वाटा, कुमक हे कंटाळवाणे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त शहाणपणाचा आहे. तट-कड्यांनी निकाल लागत नव्हता, तर इतक्या राजवटींनी इतका पैसा त्यात का ओतला? ते सगळे मूर्ख होते का? अजिबात नव्हते. एक तर वेळ ही लढाईत फार मोलाची चीज आहे. १३४७ मध्ये थोड्या दिवसांच्या वेळातून राज्य उभे राहिले. दुसरे, किल्ला शत्रूच्या आधी स्वतःच्या प्रजेला आणि सरदारांना दाखवायचा असतो. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी महाकोटात चांद मिनार उभारला, त्याचा संरक्षणाशी फारसा संबंध नाही. लांबून येणाऱ्याला सत्ता दिसावी, हे त्याचे काम. आणि तिसरे, या कड्याचा एक उपयोग शंभर टक्के यशस्वी झाला: आत ठेवलेला माणूस बाहेर जाऊ न देणे. इब्न बतूताने सांगितलेल्या तळघरांपासून ही परंपरा सुरू होते. १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतल्यावर औरंगजेबाने शेवटचा कुतुबशाह, अबुल हसन तानाशाह, याला काळाकोटाजवळच्या चिनी महालात ठेवले, आणि तो मरेपर्यंत तिथेच राहिला. कोंडलेल्या माणसाला कुमकही येत नव्हती आणि रसदीची चिंताही नव्हती, त्यामुळे या एका कामात किल्ल्याला बाहेरच्या कुणावर अवलंबून राहावे लागले नाही.

दौलताबादचा हा धडा कुणी नेमका वाचला असेल तर तो सतराव्या शतकातल्या मराठ्यांनी. सभासदाच्या बखरीत शिवाजीमहाराज रायगडाची निवड करतात तेव्हा तुलनेला दौलताबादच घेतले आहे: तो गड चांगला खरा, पण उंचीने कमी. ही तुलना साधी उंचीची वाटते, आणि रायगडाच्या कड्यांसाठी ती खरीही आहे. पण महाराजांनी केलेला मोठा बदल उंचीत नव्हता, संख्येत होता. एका राजधानीभोवती तटामागून तट घालत बसण्याऐवजी त्यांनी गडांची साखळी बांधली. एका गडाची कुमक दुसऱ्या गडावरून निघते, एक पडला तरी मुलूख पडत नाही. कुणी म्हणेल, रायगडही १६८९ मध्ये पडलाच की. पडला, आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हाती गेले. पण वेढा पडायच्या सुमारास राजाराममहाराज गडावरून निसटले आणि पुढे जिंजीला पोचले. दक्षिणेतल्या त्या किल्ल्याने १६९८ पर्यंत मोगलांची मोठी फौज गुंतवून ठेवली, तोवर इकडे संताजी-धनाजी मोगलांच्या रसदा तोडत होते. म्हणजे रायगडाने वेळ दिला आणि तो वेळ खर्च करायला बाहेर माणसे होती. रामदेवरायाकडे शंकरदेवाची एकच फौज होती आणि फतेखानाकडे तर परक्याची. इथे औरंगजेबाने म्हातारपणी सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड एकेक करून घेतले, पण एक घेतो तोवर मागचा निसटत होता. यादवांचा किल्ला एका राजधानीचा होता, मराठ्यांचे गड राज्याच्या अंगभर विखुरले होते. टिकाऊपणाचा फरक इथून आला. दगडाच्या प्रतीत दौलताबाद रायगडापेक्षा कुठेही कमी नाही.

म्हणून दौलताबादला जाणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. वेरूळकडे जाणारा रस्ता अंबरकोटाच्या जुन्या वेशीतून जातो, आणि बहुतेक गाड्या ती ओलांडून थेट तिकीटखिडकीशी थांबतात. थोडे आधी थांबा आणि हा बाहेरचा तट नजरेने मोजत चाला. किती बुरूज आहेत, प्रत्येकावर किती माणसे उभी करावी लागली असतील, त्यांना रोज किती भाकरी लागली असतील, हा हिशेब मनाशी मांडा. मग हत्ती हौद पाहा, मग कड्याकडे वर बघा, आणि अंधेरीत शेवटी शिरा. पुरातत्त्व खात्याकडेही एक मागणी आहे: चांद मिनार आणि मेंढा तोफेला जशी माहितीची पाटी मिळाली, तशीच १६३३ च्या वेढ्याचा नकाशा असलेली एक पाटी अंबरकोटाजवळ लावावी. सुरुंग कुठे लागले, रसद कुठे अडली आणि किल्ल्या कुठे दिल्या गेल्या, हे त्यावर दाखवावे.